सरका की जरा!

आमच्या घरात सहलीचं ठिकाण ठरवण्याचा अधिकार हल्ली एसटी महामंडळाकडे गेला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. त्यामुळे आमचा हिशेब तोंडी होतो. आई एकोणऐंशीची, म्हणजे शून्य. आत्या आणि बायको अर्ध्या. कन्या दहा वर्षांची, तीही अर्धी. पूर्ण तिकिटाचा माणूस घरात एकच उरला, आणि 'तू घरी थांबलास तर आणखी स्वस्तात होईल' असं त्याला तोंडावर ऐकवून झालं आहे. मी आपली गाडी काढू म्हटलं. त्यावर आई म्हणाली, "सरकारनं एवढं दिलंय, त्याचा मान ठेवावा." आईनं कुठल्याही सरकारचा मान ठेवल्याचं हे माझ्या पाहण्यातलं पहिलं उदाहरण.

तर वाई ठरली. पुण्याहून नव्वदेक किलोमीटर, सकाळी जाऊन रात्री परत. ढोल्या गणपती आहे म्हणून आई आणि आत्या खूश. जवळच मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस'चं चित्रीकरण झालं होतं, म्हणजे शाहरुख खान ज्या पायऱ्यांवर वावरला त्या पायऱ्या बघायला मिळणार, म्हणून बायको खूश. कन्येला दिवसभर मोबाइल मिळणार नव्हता, त्यामुळे तिच्या खुशीचा प्रश्न कुणी काढलाच नाही.

वाईत हॉटेलं आहेत, ही माहिती मी आदल्या रात्री घरच्यांना दिली. उपयोग झाला नाही. "हॉटेलात तेल कुठलं असतं कोण जाणे," आत्या म्हणाली. आणि मग पहाटे चारला उठून तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दहीभात, भडंग आणि 'लागलेच तर' म्हणून बेसनाचे लाडू असा सरंजाम तयार झाला. वर एक जुनी चादर, रद्दी, लिंबू, आणि एकात एक घातलेल्या रिकाम्या पिशव्या. रिकाम्या पिशव्या कशाला, हे विचारायचं नसतं. परत येताना त्या भरलेल्या असतात.

गाडी फलाटाला लागायच्या आत गर्दी गाडीला लागली. मी वाडवडिलांच्या रीतीप्रमाणे खिडकीतून रुमाल आत टाकला. आत आधीच शिरलेला, पाठीवर सॅक लावलेला एक कॉलेजकुमार माझ्यावर खेकसला, "ओ काका, रुमाल कसला टाकताय? रुमालावर जागा मिळायचे दिवस गेले. काहीतरी वजनदार द्या!" मी खाण्याची पिशवी वर केली. त्यानं ती ओढून घेतली, तिघांच्या बाकावर ठेवली आणि वर आपला एक पाय ठेवून उभा राहिला. आम्ही आईला धरून दारातून आत पोचेपर्यंत त्याची तीन-चार जणांशी भांडणं झाली होती. "माणसं येतायत म्हणून सांगतोय ना! म्हातारी आहे त्यांच्याबरोबर!" असं तो ओरडत होता. आता गंमत अशी, की त्यानं आईला पाहिलंच नव्हतं. जागा राखायला म्हातारी लागते म्हणून त्यानं ती आपल्या मनानं तयार केली होती. आई समोर आली तेव्हा तिच्याकडे पाहून तो पुटपुटला, "आयला, आहे की खरंच." "म्हातारी कोण?" आईनं विचारलं. "बसा हो आजी, डोकं नका खाऊ," असं म्हणून तो जो मागे गेला तो पुन्हा पुढे आला नाही. आभार मानायला मी मान वळवून शोधलं. तो डोळे मिटून, कानात बोंडं घालून बसला होता.

मला जे सांगायचंय ते इथूनच सुरू होतं. आपल्या मुलखात अनोळखी माणसाला मदत करण्याची एक ठरलेली पद्धत आहे. आधी खेकसायचं, मग मदत करायची. काही जण दोन्ही एकदम करतात. पण नुसती मदत, न ओरडता, असं सहसा होत नाही. त्या एका दिवसात आमच्या कुटुंबानं एवढी बोलणी खाल्ली आणि आमचं एवढं भलं झालं, की यातलं कुठलं कशामुळे हे सांगता येऊ नये.

कंडक्टरचंच घ्या. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. त्या गाडीतसुद्धा कंडक्टरनं पहिल्या प्रवाशाला 'सुट्टे काढा' असंच दरडावलं असणार, अशी माझी खात्री आहे. आमचे कंडक्टर पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, आवाज पार शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. आईजवळ येऊन म्हणाले, "अर्धं का?"

"मला फुकट आहे," आई ताठ बसून म्हणाली.

"आजी, फुकट पंचाहत्तरच्या पुढं असतंय. आधार कार्ड दाखवा."

"दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसत नाही म्हणून तर विचारतोय!" कंडक्टर कडाडले. "पासष्टच्या वाटताय, आणि फुकट मागताय. उद्या चेकर चढला तर मी काय सांगू?"

अख्ख्या गाडीसमोर 'पासष्टच्या वाटताय' असं ओरडून सांगितल्यावर आईच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं, ते आमच्याच्यानं एवढ्या वर्षांत एकाही वाढदिवसाला जमलेलं नाही. तिनं आधार कार्ड काढलं, तेही सावकाश, आजूबाजूच्या बाकांना दिसेल असं. मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट निघालं. ते तिनं घडी घालून बटव्यात ठेवलं. अजून तिथंच आहे.

कन्येला जागा मिळाली ती सफारी घातलेल्या एका गृहस्थांशेजारी. खिडकी त्यांच्याकडे. कन्येनं खिडकीत बसू का म्हणून विचारलं. ते म्हणाले, "मला खिडकीच लागते." पुढे काही नाही. बायकोनं गोड आवाजात पुन्हा विचारून पाहिलं. "मॅडम, मी अर्धा तास आधी येऊन बसलोय," असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं आणि अग्रलेखाआड दिसेनासे झाले.

कात्रजला एक बाई चढल्या. डोक्यावर गाठोडं, हातात कोथिंबिरीच्या जुड्यांची पिशवी. आई, आत्या आणि बायको बसलेल्या तिघींच्या बाकाशी येऊन त्या म्हणाल्या, "सरका की जरा." ही विनंती नव्हती. त्या तोवर बसल्या होत्या. एसटीचं बाक तिघांचं असतं हे महामंडळाचं मत आहे, ते प्रवाशांनी कधी मान्य केलेलं नाही. पुढच्या दहा मिनिटांत बाईंनी आमचं गाव, आडनाव, माझी नोकरी, घर स्वतःचं की भाड्याचं, आणि 'येकच पोरगी व्हय? आन् का वो?' एवढी चौकशी पुरी केली. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आईनं फार मन लावून दिलं. बायको खिडकीबाहेर बघत राहिली. खिडकी दोन माणसांपलीकडे होती, तरी.

शिरवळ मागे पडलं आणि खंबाटकीचा घाट लागला. "मी आता मोठी झालेय, मला गाडी लागत नाही," असं सांगून कन्येनं निघताना गोळी घ्यायची नाकारली होती. तिसऱ्या वळणावर तिचा चेहरा भेंडीच्या रंगाचा झाला.

एसटीत कुणाला गाडी लागली की सगळी गाडी डॉक्टर होते. मागून कुणी ओरडलं, "पुढं बघायला सांगा तिला!" कुणी म्हणालं, "डोळे मिटायला सांगा!" एकानं आलेपाकाची वडी पुढे पाठवली. ती हातोहात येईपर्यंत दोन बाकांवर तिचे तुकडे झाले. कोथिंबीरवाल्या बाई उठल्या, आमच्या पिशवीत स्वतःच हात घालून त्यांनी लिंबू शोधून काढलं आणि कन्येच्या नाकाशी धरलं. मग वळून आईला, आत्याला आणि बायकोला एका दमात धारेवर धरलं, "घाटाच्या आदी पोरीला तेलकट चारतंय का कुनी? तिघी तिघी बायका हाईत घरात, आन् येकीला कळू नये?" आमच्या घरातल्या तिघी एकाच वेळी गप्प बसल्याचा प्रसंग मी तरी दुसरा पाहिलेला नाही. बाईंनी कन्येचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तळहातानं तिच्या पाठीवरून वरून खाली, वरून खाली, हात फिरवत होत्या. तोंड मात्र चालू.

सफारीवाले गृहस्थ उठून उभे राहिले. संतापले होते. "आधी सांगता येत नाही? स्वारगेटपासून तोंडातून शब्द नाही! पोरीला त्रास होतोय आणि हे आपले गप्प!" स्वारगेटपासून आम्ही दोनदा सांगितलं होतं, पण ती वेळ इतिहास उगाळायची नव्हती. "बस बाळा खिडकीत. तोंड बाहेर काढू नको. वारा घे." आणि पुढचा सगळा प्रवास ते उभ्यानं, दांडीला लोंबकळत, मधूनमधून माझ्याकडे जळजळीत नजर टाकत करते झाले. मी त्यांना माझी जागा देऊ केली. "राहू द्या. दाखवायला नको," ते म्हणाले.

तेवढ्यात कंडक्टरनं दोरी ओढली. गाडी कडेला थांबली. "दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं! गाडीत झालं तर धुणार कोण?" असं सगळ्यांना ऐकवत त्यांनी कन्येला खाली उतरवलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी तिच्या ओंजळीत ओतलं. "चूळ भर. अजून एक. डोळ्यांना लाव. आता लांब श्वास घे." पुढून ड्रायव्हरनं हॉर्न दिला. "थांबा की हो!" कंडक्टर त्यांच्यावर ओरडले, "लहान लेकरू आहे!" दोन मिनिटांची दहा झाली. परत चढताना मला म्हणाले, "वेळ गेला तुमच्यामुळं."

सुरूरला बाई उतरल्या. उतरता उतरता कोथिंबिरीची एक जुडी आत्याच्या मांडीवर टाकून गेल्या. आत्यानं पैसे काढले तर म्हणाल्या, "ठेव गं बाई. इचारलं का मी?"

वाईत उतरल्यावर दिवसभरात भेटलेला एकमेव गोड माणूस भेटला. स्टँडबाहेरच एक तरुण, इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा. "नमस्कार सर, प्रवास कसा झाला? काकूंना सावलीत बसवा ना. पाणी देऊ का थंड?" आम्ही भारावलो. पाण्याची बाटली हातात येईपर्यंत तिच्याबरोबर एक रंगीत पत्रकही हातात आलं. पाचगणीच्या डोंगराचं दर्शन होणारे एनए प्लॉट, सुलभ हप्ते. आमच्याकडे रस्त्यावरचा गोडवा असा असतो. अनोळखी माणूस 'सर, फक्त दोन मिनिटं' म्हणाला की मराठी माणूस खिशातलं पाकीट चाचपतो. त्यामुळे ज्याला खरोखरच मदत करायची असते त्याला आपण काही विकत नाही आहोत हे आधी सिद्ध करावं लागतं, आणि ते सिद्ध करायचा सोपा मार्ग म्हणजे रागावणं. विक्रेता गिऱ्हाइकावर कधी खेकसतो का? (पुण्याचं मला माहीत आहे. नियम म्हणतोय मी.) दुसरं म्हणजे, रागावून केलेल्या मदतीचं ओझं राहत नाही. त्यानं मदत केली, आपण बोलणी खाल्ली, फिटंफाट.

ढोल्या गणपतीच्या देवळाबाहेर हारवाल्या मावशींनी हुकूम सोडला, "चपला इथं काढा. हार घ्या नाहीतर नका घेऊ, पण तिकडं उन्हात काढू नका, पाय पोळतील येताना." देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी कृष्णेच्या काठावर बांधलं. मूर्ती एकाच दगडातली, आणि नाव ठेवलंय ते उगाच नाही. देवळाची मागची बाजू माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी आदळायच्या ऐवजी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. मी हे कन्येला समजावून सांगत होतो. शेजारचे एक आजोबा, ज्यांचा या संभाषणाशी काहीही संबंध नव्हता, मध्येच म्हणाले, "इथं उभं राहून काय कळणार तिला? मागं घेऊन जा!" आणि स्वतःच तिचा हात धरून मागे घेऊन गेले. अर्ध्या तासानं परत आणली, तेव्हा तिला कृष्णेच्या पुराची इतकी माहिती झाली होती की पुढे दोन दिवस ती आम्हाला ऐकावी लागली.

मेणवली तिथून तीनेक किलोमीटर. "या उन्हात म्हातारीला चालवणार होता काय?" असं विचारत रिक्षावाल्यानं आम्हा पाच जणांना आत कोंबलं. आम्ही चालायचं म्हटलंच नव्हतं. पण दिवसभरात दुसऱ्यांदा म्हातारी म्हटल्यावर आईनं आधार कार्ड काढायला बटव्यात हात घातला, तो मी धरला. मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे, वाड्यामागे कृष्णेचा सुरेख घाट आहे आणि घाटावरच्या एका छोट्या देवळात वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगिजांची प्रचंड घंटा टांगलेली आहे. पेशव्यांनी वसई घेतली १७३९ मध्ये. घंटा बघून आत्याचा पहिला प्रश्न, "एवढी इथवर आणली कुणी?" तिच्या हातात तेव्हा पुऱ्यांची पिशवी होती. ओझ्याचं दुःख ओझं वाहणाऱ्यालाच कळतं.

घाटावर चादर पसरली. शेजारी फलटणकडचं एक कुटुंब जेवत होतं. पाच मिनिटं दोन्हीकडच्यांनी एकमेकांच्या डब्यांकडे न बघितल्यासारखं बघितलं. मग तिकडच्या आजींचा आवाज आला, "नुसतं दहीभातावर काय जेवताय? हे घ्या खरडा." "नको नको, आहे आमच्याकडे सगळं." "घ्या हो! विष नाही घातलं." तीन वेळा नको म्हणून चौथ्यांदा घेतला. खरड्यानं आईच्या डोळ्यांतून पाणी काढलं आणि ती 'फारच छान' म्हणाली. आता प्रश्न वाटीचा. वाटी रिकामी परत द्यायची नाही, हा आमच्या घरातला सर्वांत जुना कायदा. म्हणून तीत दोन लाडू गेले. तिकडून त्याच वाटीत कुरडया आल्या. इकडून भडंग गेलं. हा तह संपायची चिन्हं दिसेनात, तेव्हा माझ्या बायकोनं शेवटची वाटी त्यांच्या नातवाच्या हातात कोंबून "पळ!" म्हटलं.

एक पिवळं कुत्रं एव्हाना चादरीच्या कडेशी येऊन बसलं होतं. "हाड! हाड म्हणते ना!" आत्या त्याच्यावर ओरडत होती आणि दशमीचे तुकडे मोडून, त्यावर दही लावून, त्याच्यापुढे टाकत होती. त्या कुत्र्याला मराठी उत्तम कळत असावं. प्रत्येक 'हाड'ला ते एक पाऊल जवळ यायचं.

मग फोटो. सगळ्यांचा एकत्र हवा, म्हणजे चादरीवरचा कुणीतरी कमी पडणारच. मी तिथल्या एका मुलाला विनंती केली. त्यानं मोबाइल हातात घेतला आणि त्या क्षणापासून तो दिग्दर्शक झाला. "काका, पोट आत. अजून आत. वहिनी, हसा की, घरचंच माणूस आहे शेजारी. आजी, इकडं बघा, शाहरुख पायरीवर नाहीये आता." उन्हात पायरीवर पालथा पडून त्यानं वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढले, मोबाइल परत देताना म्हणाला, "लेन्स पुसत जावा कधीतरी," आणि तरातरा निघून गेला. आमच्या घरातला आम्ही पाचही जण, डोळे उघडे, एका दिशेला बघतोय असा हा एकमेव फोटो.

परतीला आईच्या गुडघ्यांनी संप केला. वाईच्या स्टँडवर पोचलो तेव्हा पुण्याची गाडी फलाट सोडून निघाली होती. कन्या पळत पुढे गेली आणि तिनं हात केला. 'हात दाखवा, एसटी थांबवा' ही महामंडळाची जुनी योजना तिला माहीत असायचं कारण नव्हतं, पण गाडी थांबली. दारात उभा राहून कंडक्टर ओरडत होता, "चला, चला, चला! तुमच्यासाठी थांबलीय का काय गाडी?" ती आमच्यासाठीच थांबली होती. आई एकेक पायरी चढेपर्यंत त्यानं घंटीला हात लावला नाही. आतले दोघं न सांगता उठले, आणि त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "आता पुण्यापर्यंत उभं राहायचं, दुसरं काय!"

तुम्ही वाईला जाणार असाल तर सकाळची गाडी धरा. ज्येष्ठांचं आधार कार्ड जवळ ठेवा, सुट्टे पैसे घ्या, एक लिंबू घ्या, आणि खिडकी हवी असेल तर स्वारगेटलाच भांडून घ्या. वाटेत कुणी अंगावर ओरडलं तर लगेच उलट बोलू नका. आधी त्याच्या हातात काय आहे ते बघा, बहुधा तुमचीच पिशवी असेल.